गुरुवारी या

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला त्या दिवशी बायकोने पर्समधून माझीच टेप काढली आणि हॉलमधली खिडकीसमोरची भिंत मोजली. नऊ फूट दोन इंच. "ही भिंत तुमची," ती म्हणाली, "बाकीच्या माणसांच्या."

सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या ओसरीवर बसून मी ४१ वर्षं पेट्या आणि तंबोरे दुरुस्त केले. ओसरी भरली म्हणून आतली खोली घेतली, ती भरली तेव्हा माळा घेतला. वाडा पाडून तिथे इमारत उठणार हे इतकी वर्षं ऐकत होतो की खरी नोटीस आली तेव्हाही मी ती ड्रॉवरमध्ये टाकून कामाला लागलो. चार महिन्यांत जागा मोकळी करायची होती. त्यातला पहिला महिना तसाच गेला. मग एका रविवारी मुलगी वही घेऊन आली आणि एकेका वाद्याची मोजदाद करत सुटली. २४ पेट्या, ११ तंबोरे, तीन सतारी, चार स्वरमंडळं, सारंग्या-दिलरुबे मिळून पाच, तीन व्हायोलिनं, एक मेंडोलिन, दोन बेंजो, सोलापूरकडची एक सुंद्री, तबले-डग्गे सुटे धरून १४, दोन पायपेट्या आणि एक ऑर्गन. एकूण ७१.

"बाबा, यातलं तुम्ही विकत घेतलेलं किती?"

मी बोटांवर मोजलं. सहा.

"आणि बाकीचं?"

बाकीचं लोकांनी आणून ठेवलेलं. कोणी दुरुस्तीला टाकून परत न आलेला, कोणी 'घरात जागा नाही, तुमच्याकडे राहू दे' म्हणणारा, कोणी वडील गेल्यावर रिक्षातून सतार उतरवून माझ्याशी न बोलताच निघून गेलेला. मुलगी बँकेत आहे. तिने वहीवर आडवी रेघ मारली आणि म्हणाली, "मग याला संग्रह का म्हणता? ही थकबाकी आहे."

मी चिडलो. आलेल्या-गेलेल्याला हौसेने सांगायचो, माझ्याकडे ७० वाद्यांचा संग्रह आहे म्हणून. एका दिवाळी अंकवाल्याने त्या वाद्यांसमोर बसवून माझा फोटोही काढला होता. पण रात्री माळ्यावर बॅटरी घेऊन चढलो आणि एकेका पेटीच्या कडीला बांधलेल्या चिठ्ठ्या वाचायला लागलो, तेव्हा पोरीचं बोलणं पटायला लागलं. 'मध्यम भुसा.' 'भाता गळतो.' 'काळी तीन दाबली की उठत नाही.' अक्षर सगळं माझं. साल एकाही चिठ्ठीवर नाही, कारण साल लिहायची वेळ येईल असं कधी वाटलंच नव्हतं. फोन नंबर सहा आकडी असला की चिठ्ठी जुनी, सात आकडी असला तर त्यानंतरची, एवढाच काय तो कालनिर्णय. आणि बहुतेक चिठ्ठ्यांच्या तळाशी एकच शब्द, गुरुवार.

हा गुरुवार माझ्या मामाचा. धंदा त्यांनीच शिकवला आणि गुरुवारही त्यांनीच दिला. मामा म्हणायचे, गिऱ्हाइकाला सोमवार सांगू नये, तो सोमवारपर्यंतचे दिवस मोजतो. शनिवार-रविवार तर मुळीच सांगू नये, त्याला सुट्टी असते, तो खरंच येतो. गुरुवार सांगावा. गुरुवारी माणूस ऑफिसात असतो, यायचं राहून जातं, पुढच्या गुरुवारपर्यंत आपल्याला हप्ता मिळतो. मामांनी या गुरुवारावर संसार केला. मी तो जरा जास्तच ताणला.

पेट्यांपासून सुरुवात केली. एकेक खाली उतरवायची, वरची फळी काढायची आणि आत काय आहे ते बघायचं. आत उंदरांनी कुरतडलेली कातडी निघाली, डांबरगोळ्या निघाल्या, एका भजनी मंडळाच्या पेटीत अबिराची पुडी आणि न वाटलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा निघाला. पेटीवाल्याचं कामच असं, की बाहेरच्या पॉलिशकडे त्याचं लक्ष नसतं, तो थेट सुरांकडे जातो. सूर म्हणजे पितळेच्या पट्टीवर एका टोकाला रिव्हेटने धरलेली पितळेची जीभ. पेटी या देशातली नाही, पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँने १८४० च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. मांडीशी घेऊन हाताने भाता मारायची पेटी मात्र कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी घडवली. तरी सूर पुढे पुष्कळ वर्षं पॅरिसचे आणि जर्मनीचेच यायचे. आता बहुतेक सूर गुजरातेत पालिताण्याला होतात आणि ते वाईट असतात असं मी म्हणणार नाही. पण कॅसरील किंवा ज्युबिलेटचा जुना सूर हातात आला की बोटाला कळतं.

म्हणून मी ठरवलं, की ज्या पेट्यांचं लाकूड गेलंय त्यांचे सूर काढून घ्यायचे आणि खोकी भंगारात द्यायची. एक मेलेली पेटी सहा जिवंत पेट्यांना पोसते. हा हिशोब धंद्याच्या दृष्टीने चोख आहे. तरी पहिल्या पेटीतले सूर काढायला मला तीन दिवस लागले. काम अर्ध्या तासाचं. चिठ्ठी कडीवरून सोडवायला हात होत नव्हता. शेवटी बायकोने कात्री आणून दोरा कापला.

१४ चिठ्ठ्यांवरचे पत्ते लागण्यासारखे होते. त्यातले तीन लागले. एक जण म्हणाला, "अजून आहे ती? द्या टाकून." दुसऱ्याकडे गेलो तर त्याच्या मुलीने माझ्यासमोर मोबाइलवर तंबोरा लावून दाखवला, आणि पेटीपण आहे त्यात, म्हणाली. तिसऱ्याने मात्र येऊन नेली आणि जाताना माझ्याकडे असं बघितलं, की जणू ती मीच चोरली होती.

मामांच्या काळात ही पेटी रेडिओवर चालत नसे. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती, ती थेट १९७१ साली उठली. पेटीत मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतंच. मामा त्यावर फक्त एवढंच म्हणायचे, "रेडिओवर नसेल, पण बंदी होती तेव्हाही आपल्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती." बंदी असो वा नसो, शाळा, कीर्तन, भजन, नाटक, कुठेच पेटीवाचून अडल्याशिवाय राहत नसे. आज पेटीला कसलीही बंदी नाही आणि २४ पेट्यांना घर सापडत नाही.

तबल्यांचं काम लवकर उरकलं. खोडं चांगली होती, एक तबलेवाला आला, एकेकावर टिचकी मारत बसला आणि सगळी घेऊन गेला. तांब्याचा एक डग्गा मात्र त्याने आधी तराजूत टाकून बघितला, ते मला आवडलं नाही. बेंजो दोन्ही पेठेतल्या एका बेंजो पार्टीच्या पोरांनी नेले. मुळात जपानी तायशोगोतोचा अवतार असलेलं हे वाद्य आपल्याकडे वरातीत येऊन पोचलं, त्याला थारा मिळायला कधीच अडचण येत नाही.

कोणी म्हणालं, केळकर संग्रहालय तर दहा मिनिटांवर आहे, तिथे द्या. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने सगळं ठेवलं. मामांबरोबर मी तिथे लहानपणी जायचो. पण त्यांनी निवडून आणलं होतं. माझ्याकडचं न निवडलेलं. काळी तीन न उठणारी पेटी काचेत ठेवून तिच्याखाली लिहायचं काय?

तंबोऱ्यांसाठी मी टेम्पो केला आणि मिरजेला गेलो. ११ पैकी सात नेले. तंबोरा हलवायचा तर आधी तारा उतरवायच्या, नाहीतर एका खड्ड्यात भोपळ्याचा निकाल लागतो. घोडी काढून चिंधीत बांधायची, मणी दोऱ्यात ओवून दांडीला बांधायचे आणि भोपळ्याखाली सायकलची जुनी ट्यूब. हे सगळं करून, भोपळे गाद्यांच्या घड्यांत बसवून आम्ही निघालो. सतारमेकर गल्लीत पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात या गावात तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि अजून त्यांच्याच घरांत ती होतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

मला वाटलं होतं जुने तंबोरे बघून ते हसतील. ज्याच्याकडे गेलो तो पंचविशीतला होता. त्याने लाकडाकडे पाहिलंच नाही. भोपळ्यावर मधल्या बोटाचं पेर वाजवत गोल फिरला, कान लावला, पुन्हा वाजवलं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे येतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण एवढ्या घेराचा आणि एवढ्या जाड पाठीचा भोपळा आता सहज मिळत नाही म्हणाला. दोन भोपळे आतून किडीने पोखरले होते, ते त्याने वाजवूनच सांगितले. पाच ठेवून घेतले. पैसे किती, हे मी विचारायच्या आत त्याने विचारलं, "काका, जवारी कोणाच्या हातची आहे?" मामांच्या, म्हटलं. त्याने घोडीवरून नख फिरवलं आणि ती बाजूच्या डबीत वेगळी ठेवली. पैशांचं बोलणं त्यानंतर झालं आणि ते बरं झालं.

घोड्यांवरून आठवलं. माळ्यावरच्या एका डब्यात मामांनी ठेवलेले सांबरशिंगाचे तुकडे होते, सतारीच्या जवारीला ते शिंग फार चालायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हळूहळू हे सगळं बंद झालं. विकणं सोडाच, असा डबा घरात असणंही धड नव्हे, असं ओळखीच्या वकिलाने सांगितलं. मग अर्ज लिहिला आणि डबा घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथल्या माणसाने तो दोनदा हलवून बघितला आणि विचारलं, "यात बुद्धिबळाच्या सोंगट्या आहेत का?"

ऑर्गनची गोष्ट निराळी आहे. संगीत नाटकांना साथ करणारा अमेरिकन बनावटीचा रीड ऑर्गन, एका बंद पडलेल्या मंडळीचा. ४१ वर्षांत मी तो तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला. पेटीत भाता हवा कोंडतो आणि सुरांतून बाहेर लोटतो. या ऑर्गनमध्ये उलटं, भाता हवा ओढून घेतो आणि सूर बोलतात ते आत शिरणाऱ्या हवेवर. म्हणून त्याचा आवाज पेटीसारखा समोर येत नाही, गवयाच्या मागे उभा राहतो. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला थिरकवाँ आणि साथीला ऑर्गन ही चैन लोकांनी अनुभवली, तिचे किस्से ऐकत माझी पिढी वाढली. पण किस्से ऐकणाऱ्यांपैकी एकालाही ऑर्गन घरी न्यायचा नव्हता. दोन महिने विचारत होतो. पुण्यात जागा नाही, मुंबईत तर विचारूच नका. एक इंटिरिअरवाला म्हणाला, आतलं सगळं काढून बार काउंटर छान होईल. त्याला मी चहा दिला नाही.

शेवटी गोव्यातून फोन आला. फोंड्याकडची हौशी नाटकमंडळी, देवळाच्या जत्रेत अजून रात्रभर संगीत नाटक करणारी. चौघे जण पिकअप घेऊन आले. भात्याचं रबरी कापड बदललं होतं, पण तीन सूर अजून कुरकुरत होते, ते मी सांगून टाकलं. त्यांच्यातला एक जण, शाळेत शिपाई आहे म्हणाला, स्टुलावर बसला, पायांनी भाता भरला आणि षड्ज-पंचम धरून नुसता बसून राहिला. वाड्यातले उरलेले तीन भाडेकरू दारात आले. मग त्याने डोळे उघडले आणि मला विचारलं, "दादा, आमच्याकडे पावसाळ्यात दमट खूप. काय करायचं?"

"आत साठ वॅटचा बल्ब लावून ठेवा. चार महिने जळू दे."

आठ दिवसांनी त्याचा फोन. ऑर्गन सुखरूप आहे, पण साठ वॅटचा तसला बल्ब मिळत नाही, दुकानदार एलईडी देतो, आणि एलईडी तापत नाही. माझ्या माळ्यावर तसले बल्बही होते, अर्थातच. थकबाकीत तेही धरा. सहा बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवले, पाच धड पोचले.

भिंतीवर आठ वाद्यं बसली. मामांची पॅरिस सुरांची पेटी, माझी कामाची पेटी, दोन तंबोरे, एक सतार, एक दिलरुबा, सुंद्री आणि एक स्वरमंडळ, तेही नात छेडत बसते म्हणून. बाकी कुठे ना कुठे लागलं, नाहीतर किलोवर गेलं. टेम्पो निघायच्या आदल्या रात्री एकच पेटी ओसरीवर उरली होती. तिच्याबद्दल मी बायकोला काही बोललो नव्हतो.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'वाई. बुवा. साफसफाई, भाता, सूर मिळवणे. अंदाजे रु. ७५. गुरुवार.' पेटी उत्तम स्थितीत होती. म्हणून मी ती शेवटी उघडली, आणि नराची, म्हणजे खर्जाच्या वरच्या सुरांची, ओळ वाजवत गेलो तेव्हा पांढरी सहा बोललीच नाही. खर्जाचा सूर एकटाच खालून हुंकारला. फळी काढली. नराच्या ओळीत त्या जागी दात पडल्यासारखं भोक.

मग आठवलं. ८६-८७ साल असेल. संध्याकाळी मैफल, आणि चार वाजता एक पेटीवादक धावत आले, सुराची जीभ तुटली म्हणून. त्या मापाचा जर्मन सूर दुकानात नव्हता, बुवांच्या पेटीत होता. मी काढला आणि दिला. उद्या पालिताण्याचा बसवू, म्हटलं. बुवा कीर्तन काळी एकमध्ये करायचे. काळी एकचा कोमल धैवत म्हणजे नेमकी पांढरी सहा, भैरवीत पावलोपावली लागणारा. बुवा तीन गुरुवार आले. तिन्ही वेळा मी पुढचा गुरुवार दिला. चौथ्या गुरुवारी ते आले नाहीत आणि मला बरं वाटलं.

त्या रात्री मी जुन्या पेट्यांतून काढलेल्या सुरांत त्या मापाचा जर्मन सूर शोधला. मिळाला. जरा चढा होता. जिभेखाली पातळ पत्रा सरकवून मुळाशी कानस फिरवली, मुळाशी घासलं की सूर उतरतो, टोकाशी घासलं की चढतो. वरचा-खालचा मिळून वाजवले की आधी भराभर लाटा येत होत्या, मग सावकाश यायला लागल्या, मग लांबत लांबत थांबल्या. काम वीस मिनिटांचं होतं.

स्वारगेटहून वाईची एस्टी धरली. पेटी मांडीवर. कंडक्टरने तिचंही तिकीट फाडलं. खंबाटकीच्या घाटात मी वाक्यं जुळवत होतो. सुरूर फाट्यापर्यंत एक बरं वाक्य जमलं होतं, ते वाईच्या स्टँडवर उतरेपर्यंत विसरलो. झाकणाच्या आत आळीचं नाव होतं, विचारत गेलो.

बुवांची सून दारात आली. वयाने माझ्याएवढीच. मी नाव सांगितलं, पुण्याहून आलो म्हटलं. तिचं लक्ष पेटीकडे गेलं.

"म्हणजे खरंच होती," ती म्हणाली.

बुवा २००३ साली गेले. तोपर्यंत कीर्तनाला दुसऱ्यांची पेटी मागून न्यायचे. मुलाने दोनदा नवी घ्यायची काढली तर म्हणाले, आपली आहे की पुण्यात, दुरुस्तीला. घरातल्यांना वाटायचं, कुठेतरी विकली असेल आणि सांगत नसतील.

मी म्हणालो, "वहिनी, यातला एक सूर मी काढला होता. दुसऱ्याला दिला. म्हणून उशीर झाला."

"सूर म्हणजे?"

मी फळी काढून दाखवला. तिने वाकून बघितलं, बोट लावलं नाही. मग आत जाऊन चहा टाकला. तिचा नातू बाहेर आला, त्याने पेटी ओढून घेतली आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या पट्ट्या दाबत गेला. पांढरी सहा इतरांसारखीच वाजली. तो पुढे गेला.

चहा झाल्यावर मी उठलो. ती कडीवरची चिठ्ठी उलटी करून वाचत होती.

"पंचाहत्तर लिहिलंय."

नको, म्हणणार होतो. पण ती आत गेली होती, आणि परत आली ती शंभराची नोट पुढे धरून, दुकानात गिऱ्हाईक धरतं तशी. मी नोट घेतली. खिसे चाचपले. वीसची एक नोट निघाली, आणि शर्टाच्या खिशात, एस्टीच्या तिकिटांच्या घडीत, पाच रुपयांचं नाणं. दोन्ही तिच्या हातावर ठेवलं.